बकरीच्या दाढीचा सहावा केस

सलग तिसऱ्या शनिवारी पुंडलिकरावांना कोणी शिव्या दिल्या नाहीत, तेव्हा मात्र त्यांचं जेवणावरचं मन उडालं.

लाखनीत हमरस्त्यालगत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पाटबंधारे खात्यात रेखक म्हणून तीस वर्षं तलावांचे नकाशे गिरवून ते निवृत्त झाले होते. पत्नी सुलोचनाबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा भिलाईला नोकरीवर, आणि घरात बोलायला माणूस नाही. दारावरून दिवसभर ट्रक जायचे, पण ट्रक काही थांबून विचारपूस करत नाहीत. आठवड्यातून एकदा, शनिवारी, कवडू पोस्टमन अड्याळच्या सेवकरामांचं कार्ड घेऊन यायचा. त्यात पुंडलिकरावांना लबाड, आंधळे, नकली मालाचे रखवालदार असं काहीबाही म्हटलेलं असायचं. पुंडलिकराव ते तीनदा वाचायचे, रविवारभर उत्तराची जुळवाजुळव करायचे आणि सोमवारी त्याहून जहाल कार्ड पेटीत टाकायचे. सात वर्षं हे अखंड चाललं होतं. आणि आता तीन शनिवार कोरडे गेले होते.

"नीट पाह्यलं का?" त्यांनी कवडूला विचारलं. "दुसऱ्या टपालाच्या मधात चिकटलं असन."

"चिकटाले ते का गूळ आहे जी?" कवडू म्हणाला. "झोला उलटा करून पायला मी. पानठेल्यावरचे लोकं बी इचारून राहिले. तीन हप्त्यापासून तेयले बी करमत नाई."

कार्ड उघडं असतं, त्यामुळे ते पुंडलिकरावांच्या आधी पानठेल्यावर मोठ्याने वाचलं जायचं. कवडू त्यात आवाज बदलून रंग भरायचा. पुंडलिकरावांना हे माहीत होतं आणि त्याचा राग यायला हवा हेही माहीत होतं, पण कधी आला नाही.

भांडण एका बकरीवरून होतं.

नागपूरच्या एका दैनिकात पूर्वी दर रविवारी 'बारकूजी' नावाची तीन चौकटींची चित्रमालिका यायची. बारकूजी म्हणजे काडीसारखा माणूस, भल्यामोठ्या मिशा आणि मागे एक बकरी. ती काढणारे केवळरामजी आंबागडला जंगल खात्यात कारकून होते. आठ वर्षं बारकूजीने लोकांना हसवलं. मग दैनिक बंद पडलं, त्याच्या फायली रद्दीत गेल्या आणि पुढे केवळरामजीही वारले. लोक बारकूजीला विसरले. विसरले नाहीत ते दोघेच. छापलेली कात्रणं नव्हेत, तर केवळरामजींनी स्वतःच्या हाताने शाईने काढलेले मूळ कागद जमवायचे, हा छंद साऱ्या जिल्ह्यात दोघांनाच होता, एक लाखनीचे पुंडलिकराव आणि दुसरे अड्याळचे धानवाले शेतकरी सेवकराम. गिऱ्हाइकं दोनच असूनही नागपुरातल्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने नकली बारकूजी काढायचा धंदा सुरू केला, यावरून ही दोन गिऱ्हाइकं किती उतावीळ होती ते कळावं.

पेंटरने दोघांनाही दोन-दोनदा फसवलं आणि त्यातून दोघेही शहाणे झाले. केवळरामजी आधी निळ्या पेन्सिलीने चित्र काढायचे, कारण छपाईचा ब्लॉक करताना कॅमेऱ्याला निळी रेघ दिसत नाही. मग त्या रेघा खोडण्याच्या भानगडीत ते पडत नसत. पेंटर बिचारा स्वच्छतेचा भोक्ता, तो रबराने सगळं लख्ख करायचा आणि तिथेच सापडायचा. शिवाय चुकलेली रेघ केवळरामजी पांढऱ्या रंगाने झाकायचे, तो रंग कागद तिरपा धरला की उठून दिसायचा. आणि पुंडलिकराव पडले रेखक. हात कुठे न थांबता गेला आणि कुठे बघून बघून गिरवत गेला, हे त्यांना रेघेवरून नुसतं बोट फिरवूनही सांगता यायचं.

एवढं सगळं कळत असताना दोघांकडे एकाच चित्राचा मूळ कागद होता. पहिल्या चौकटीत बारकूजी पाहुण्यासाठी हार घेऊन एसटीच्या थांब्यावर उभा. दुसरीत एसटी निघून गेलेली, उतरलं कोणीच नाही. तिसरीत हार बकरीच्या गळ्यात आणि बारकूजी तिला म्हणतोय, "चला, घरी चला." पुंडलिकरावांनी हा कागद तुमसरच्या एका निवृत्त रेल्वे गार्डाच्या पेटीतून मिळवला होता, सेवकरामांनी नागपूरच्या ब्लॉकमेकरकडून. सात वर्षांपूर्वी त्याच ब्लॉकमेकरच्या दुकानात दोघांची पहिली आणि शेवटची भेट झाली. दोन्ही कागद शेजारी ठेवले गेले. दोन्हींवर निळ्या रेघा होत्या, पांढरा रंग होता, फक्त पुंडलिकरावांच्या बकरीच्या दाढीला पाच केस होते आणि सेवकरामांच्या बकरीला सहा. छापलेला अंक पाहावा, तर त्या आठवड्यात पुरामुळे पेपर जिल्ह्यात आलाच नव्हता. दोघे एवढे ओरडले की ब्लॉकमेकरने दोघांनाही फुटपाथवर काढलं. पुढच्या शनिवारी पहिलं कार्ड आलं: "तुमची ती बकरी नसून दाढी आलेला उंदीर आहे."

तर हे असं सुरळीत चाललेलं असताना सेवकराम एकाएकी गप्प झाले.

पुंडलिकरावांनी सोमवारी एक विशेष कार्ड लिहिलं. सेवकरामांना चित्रातलं काही कळत नाही हे नेहमीचं झालं, या वेळी त्यांना धानातलंही काही कळत नाही असं लिहिलं. एवढ्यावर अड्याळचा शेतकरी उठून बसायला हवा होता. चौथा शनिवारही कोरडा गेला. उलट झालं असं, की हे कार्ड जातानाच पानठेल्यावर वाचलं गेलं आणि त्याला उत्तर नाही म्हटल्यावर पानठेल्याने निकाल देऊन टाकला.

रविवारी वाचनालयाचे अध्यक्ष मधुकरराव चार माणसं घेऊन दारात उभे. "अभिनंदन पुंडलिकराव! अड्याळवाला हारला."

"हारला कायले म्हणता? चूप बसला फक्त."

"चूप बसला म्हणजे हारलाच ना जी. लाखनीची इज्जत राखली तुमी. आता वाचनालयाच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार करून राहिलो आमी. तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावू."

"थांबा ना थोडं. एखादा आठवडा वाट पाहू."

"कोनाची?"

मधुकररावांनी पुढची व्यवस्थाही लावून टाकली. केवळरामजींच्या पत्नी आंबागडला आहेत, त्यांच्याकडून कागद असली असल्याची चिठ्ठी आणायची, ती फ्रेमखाली लावायची, म्हणजे अड्याळवाल्याने पुन्हा कधी तोंड उघडायला नको. हे ऐकून चारही माणसांनी टाळ्या वाजवल्या. सात वर्षं ज्या विजयासाठी पुंडलिकराव भांडले तो अंगणात येऊन उभा होता आणि त्यांना त्याला घरात घ्यावंसं वाटेना. पुन्हा कधी तोंड उघडायला नको, म्हणजे पुढचे सगळे शनिवार असेच. त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

पण गावाला नाही म्हणायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. सोमवारी सकाळी नकाशांच्या जुन्या पत्र्याच्या नळकांड्यात कागद गुंडाळून घेतला आणि ते पहिल्या एसटीत बसले.

आंबागडला सत्यभामाबाई अंगणात सुपाने धान उपणत होत्या. केवळरामजींचं नाव काढताच त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि कागद उजेडात धरला.

"हे तेयचंच होय," त्या लगेच म्हणाल्या.

"बाई, एकदा नीट पाहून घ्या. बकरीच्या दाढीले पाचच केस आहेत."

"पाचच राह्यतीन. हे दुसरं होय ना. पयल्याले सहा असतीन."

पुंडलिकराव बाजेवर बसले. कोणी बसा म्हटलंही नव्हतं. "दुसरं म्हणजे?"

"पावसाळ्यात ते दोन-दोन काढत जी. नाल्याले पूर आला का एसटी अडकून पडे. मंग एक एसटीच्या डायवरजवळ देत नि एक तुमसर रोडच्या रेल्वे गार्डाजवळ. जे पयले पोचन ते छापन. दुसरं काढतानी कंटाळा ये त्याइले. केसं कमी काढत, पानं कमी काढत. म्या म्हनाव, पुरं त काढा. त म्हनत, बकरी का मोजून पायते?"

म्हणजे दोन्ही असली. सात वर्षं दोघेही बरोबर होते आणि दोघेही मूर्ख होते. पुंडलिकरावांना हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी पाणी मागितलं. सत्यभामाबाई पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दोन वर्साखाली अड्याळचे एक जन आले होते. असाच कागद घेऊन. त्याच्यात सहा होते."

पुंडलिकरावांचा तांब्या तोंडाशीच राहिला. "त्याइले सांगतलं तुमी हे?"

"हाव. लय वेळ बसले. जातानी म्हनाले, बाई, लाखनीचा कोनी आला त त्याले हे सांगू नोका."

"मग मले काहून सांगतलं?"

"तुमी लाखनीचे आहा म्हनून तुमी कुठं सांगतलं?"

खरंच सांगितलं नव्हतं. त्यांनी ते तेव्हाही सांगितलं नाही. बाईंनी चिठ्ठी लिहून द्यायची तयारी दाखवली, नातवाची वहीही शोधायला उठल्या, तेव्हा पुंडलिकराव घाईघाईने म्हणाले, "नको बाई, चिठ्ठी बिलकुल नको." मधुकररावांना काय सांगायचं ते वाटेत सुचेल, असं मनाशी म्हणाले आणि निघाले.

वाटेत ते सुचलं नाही, कारण डोक्यात दुसरंच चाललं होतं. दोन वर्षं! दोन वर्षांपूर्वीच त्या माणसाला सगळं कळलं होतं. त्यानंतरही त्याने दर शनिवारी लबाड म्हटलं, गेल्या दिवाळीला तर घरावर फलक लावा म्हणाला, 'येथे नकली बकऱ्या मिळतील' असा. तुमसरपर्यंत पुंडलिकराव संतापाने नुसते धुमसत होते. तुमसरच्या पुढे त्यांना आठवलं की त्याच दिवाळीच्या कार्डात शेवटी एक ओळ होती: "थंडी पडली आहे, ती नकली बकरी तरी पांघरून निजा." तेव्हा त्यांना ती शिवी वाटली होती. आता खिडकीशी बसून ते ती ओळ पुन्हा पुन्हा मनात वाचत राहिले आणि त्यांना भरून आलं. कळल्यावर एक कार्ड टाकून मोकळं होता आलं असतं. सेवकराम मोकळे झाले नव्हते. मग असा माणूस महिनाभर गप्प का? हा विचार आला आणि पुंडलिकराव घाबरले.

भंडाऱ्याच्या स्टँडवर लाखनीची गाडी लागलेली होती आणि बाजूला अड्याळची. ते अड्याळच्या गाडीत चढले.

सेवकरामांचं घर गावात सगळ्यांना माहीत होतं. घरचे सगळे खळ्यावर गेले होते, दारात सून चंद्रकांता भेटली. "कोन पायजे जी?"

सात वर्षं शत्रुत्व असलेल्या माणसाने काय सांगावं याची तयारी पुंडलिकरावांनी केली नव्हती. "मी पोस्टातून आलो," ते म्हणाले.

"आता माय! तार आली का?"

"तार नाही. चौकशी आहे. या घरातून दर आठवड्याले लाखनीले एक कार्ड जाये. महिन्यापासून ते गेलं नाही."

चंद्रकांताने त्यांच्याकडे, मग त्यांच्या हातातल्या नळकांड्याकडे पाहिलं आणि आत वळून ओरडली, "मामाजी, तुमच्या कार्डाची सरकारी चौकशी आली!"

आत खाटेवर सेवकराम उशाला टेकून बसले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. तो डोळा भंडाऱ्याला मोतीबिंदूच्या शिबिरात कापला होता आणि बरा होता होता चिघळला होता. दुसऱ्याने उजेड-अंधार तेवढा कळायचा. पुंडलिकरावांनी जिवंत माणूस पाहिला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"सरकार एवढं ध्यान ठेवून राहिलं?" सेवकराम म्हणाले. "चांगलं आहे. बसा. मले दिसत नाही नि घरच्यांले धानातून सवड नाही. पोराले म्हनलं लिहून दे, त तो म्हने, असं वंगाळ मी लिहीत नाही. तुमी पोस्टाचे, तुमाले लिहिता येते ना?"

"येते."

"कोनाड्यात कार्ड नि टाक आहे, घ्या. पोस्टाच्या माणसानं लिहिलं त पोचन बी लवकर. लिहा. रा. रा. पुंडलिकराव यांस. तुम्ही समजत असाल की मी हरलो. मी हरलो नाही. माझा एक डोळा कापला आहे आणि दुसरा कामाचा नाही, तरी तुमचा कागद नकली आहे हे मला दोन्ही डोळे मिटून दिसते. लिहिलं?"

"लिहिलं," पुंडलिकराव म्हणाले. रेखकाचा हात, अक्षर छापल्यासारखं येत होतं. "पुढं काय? 'लबाड' टाकू का?"

"लबाड त झालं मागं. रोज तेच वाचून त्याले बी कंटाळा येइन."

"मग 'बेअक्कल'?"

सेवकरामांनी मान हलवली. "नाही जी. तसा तो अकलेचा माणूस आहे. खोटं कायले लिहा?"

पुंडलिकरावांनी मान खाली घातली आणि टाक उगाच दोनदा झटकला. सेवकरामांना तर दिसत नव्हतं, तरी त्यांनीही तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, "'हेकट' लिहा. हेकट तो आहेच."

"हेकट," पुंडलिकरावांनी लिहिलं. "तो एकटा हेकट नसन."

"सरकारनं मधात बोलू नये. पुढं लिहा. तुम्ही म्हणता मला धानातले काही कळत नाही. ते कार्ड सुनेने वाचून दाखवले. त्या दिवशी मी महिन्याभरात पहिल्यांदा दोन भाकरी जेवलो, एवढा मला राग आला. खाली माझं नाव टाका. टाकलं?"

"टाकलं."

"पत्ता?"

"लिहिला."

बाहेर चंद्रकांता कोंबड्यांना हाकलत होती.

"पत्ता मी सांगतलाच नाही अजून," सेवकराम म्हणाले.

पुंडलिकराव कार्डाकडे पाहत राहिले. मु. पो. लाखनी, हमरस्त्यालगत, सगळं ठसठशीत उतरलं होतं. पोस्टाला सगळे पत्ते पाठ असतात, असं काहीतरी म्हणायचं त्यांच्या मनात येऊन गेलं. आता हा हाकलून देतो, असं त्यांना वाटलं. नळकांडं उचलून ते अर्धे उठलेदेखील.

"बसा," सेवकराम म्हणाले. "कार्ड पुरं नाही झालं. जागा आहे का खाली?"

"आहे थोडी."

"लिहा. तुमच्यासारख्या नकली मालाच्या माणसाने माझ्या घरी पाऊल ठेवू नये." ते थांबले, पट्टीखालून ओघळलेलं पाणी त्यांनी उपरण्याने टिपलं आणि डॉक्टरला एक शिवी घातली. "बुधवारी तर मुळीच येऊ नये. बुधवारी घरचे सारे बाजाराले जातात नि मी दिवसभर एकटाच राह्यतो."

पुंडलिकरावांनी अक्षर बारीक केलं आणि सगळं बसवलं. मग, घसा साफ करून, अगदी सरकारी आवाजात त्यांनी विचारलं, "सकाळी की दुपारी येऊ नये, ते टाकू का?"

"टाका," सेवकराम म्हणाले. "जेवाच्या वेळेले त बिलकुलच येऊ नये."